सिरीयस आहे म्हणून सांगा

आमच्या परभणी जिल्ह्यात माणूस गेल्याची बातमी जवळच्याला कुणी सरळ सांगत नाही. फोन येतो तो "सिरीयस हाय, निघा" असा. लांबच्या पाहुण्याला खरं सांगतात. आई असेल, बायको असेल, सासरी असलेली लेक असेल, तर तिला "सिरीयस." मग ती बाई मिळेल त्या वाहनानं निघते, रस्ताभर देवाचा धावा करते, आणि गावात शिरल्यावर दारापुढं जमलेली माणसं बघून तिला जे कळायचं ते कळतं. तोवर ती घरी पोचलेली असते, धरायला चार हात असतात. वाटेत एकटीनं कोसळू नये, एवढाच त्यामागचा विचार.

मला ही रीत कधी पटली नाही. माझे वडील गेले तेव्हा मी सेलूला शाळेत होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवते. काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, जीप घेऊन आले आणि म्हणाले, "दादा जरा पडलेत." गावापर्यंत मी त्यांना विचारत राहिले, हाड मोडलंय की नुसता मुका मार, परभणीला दाखवायचं की नांदेडला न्यायचं. ते बिचारे "हां, बघू" म्हणत राहिले. तेराव्यानंतर मी त्यांना भावकीसमोर फाडफाड बोलले. चूक दिसली की लाल पेन उघडायची माझी सवय जुनी आहे. मी जन्मात कुणाला असं फसवणार नाही, असंही ठणकावून सांगितलं. काका काही रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, तुज्यावर येळ आली की कळंल."

माझा धाकटा भाऊ आखातात वेल्डर होता. परभणीला आयटीआय केलं, मग इथंच ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडत बसला. जमीन कोरडवाहू, घर पत्र्याचं, त्यामुळे लग्न जमेना. पाहुणे यायचे, पोहे खायचे, "कळवतो" म्हणायचे आणि जायचे ते जायचेच. तो म्हणायचा, "ताई, आता मला पव्ह्याच्या वासानंच मळमळतंय." शेवटी बायोडाटावर "परदेशात नोकरी" एवढे दोन शब्द यावेत म्हणून तो गेला, असं मी त्याला चिडवायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. त्या दोन शब्दांनी कामही केलं. मानवतकडची एक मुलगी मायनं बघून ठेवली होती. येत्या दिवाळीला तो येणार, बघणार, आणि जमलं तर उरकूनच टाकायचं असं ठरत आलं होतं.

दर शुक्रवारी त्याला सुटी. त्या दिवशी तो मायला व्हिडिओ कॉल करायचा. माय फोन कानालाच लावायची. कितीही सांगा, बोलायचं म्हणजे कानाला लावायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं. त्याला तिकडं नुसता तिचा कान दिसायचा, कानातली कुडी आणि पदराची किनार. "माय, कान लय बघितला तुजा, आता तोंड दाव," असं तो ओरडायचा आणि तिला वाटायचं तो मस्करी करतोय.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेनं आखाताकडं सैन्य हलवायला सुरुवात केली. आधी जहाजं निघाल्याच्या बातम्या, मग ती येऊन उभी राहिल्याच्या, मग विमानं, मग त्या देशांचं आकाश आज बंद, उद्या उघडं, परवा परत बंद. सातवीच्या वर्गात मी नकाशावर ती समुद्राची अरुंद चिंचोळी वाट दाखवली आणि जगाचं तेल या एवढ्याशा तोंडातून जातं म्हणून सांगितलं. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. पंधरा दिवसांत ते वहीतून बाहेर आलं. शाळेत खिचडीसाठी सिलिंडर येईना. खिचडी शिजवणाऱ्या बाईनं मैदानाच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले, मुलांनी घरून पऱ्हाट्या आणल्या, आणि कापसाच्या त्या वाळक्या काड्यांचा धूर चौथीच्या वर्गात भरायला लागला. गावाकडं युरिया येणार की नाही यावर लोक पेरणीच्या दोन-अडीच महिने आधीपासून भांडत होते. चहाच्या हॉटेलावर मात्र उत्साह होता. कुणाकडं किती जहाजं, कुणाचं क्षेपणास्त्र कुठवर जातं, हे सगळ्यांना तोंडपाठ. ज्यांना तालुक्याच्या पलीकडचं एसटीचं वेळापत्रक ठाऊक नाही ती माणसं समुद्रातल्या लढाईचा निकाल सांगत बसायची. मला तिथून जाताना चीड यायची, कारण माझं माणूस त्या नकाशात होतं.

भावाला विचारलं तर म्हणायचा, "काई न्हाई ताई, ते लय लांब हाय. आमी रोज कामावर जायलोय." एकदाच म्हणाला की सुट्ट्या रद्द झाल्यात, आणि विमानांच्या आवाजानं झोप नीट होत नाही.

मग एका सकाळी, शाळेत प्रार्थना चालू असताना, त्याच्या खोलीत राहणाऱ्या मित्राचा फोन आला. तो नांदेडकडचा, भावासारखाच वेल्डर. मला म्हणाला, "ताई, तो उठलाच न्हाई." मी म्हटलं, उठव की मग.  तो म्हणाला, "कंपनीचा डॉक्टर येऊन गेला, ताई." झोपेतच हृदय बंद पडलं होतं. वय चौतीस.

त्याला युद्धानं मारलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर पंचक्रोशीत कुणी बॉम्बनं गेला म्हणालं, कुणी क्षेपणास्त्रानं. तो आपल्या खाटेवर, आपल्या चादरीत गेला. पण त्याच दिवशी दुपारी तिथलं आकाश बंद झालं, आणि कधी उघडेल ते कुणालाच सांगता येईना.

मी सेलूहून पॅसेंजर धरली आणि पेडगावला उतरले. आमचं गाव तिथून जवळच. काका मोटारसायकल घेऊन स्टेशनबाहेर उभे होते. त्यांना मीच फोनवर सांगितलं होतं. डोळे सुजलेले. मी विचारलं, मायला काय सांगायचं? ते म्हणाले, "सिरीयस म्हन. मयत दोन दिसांत यील, तवा मंग काय ते. आत्ता सांगून तिनं काय करावं? दगडाला मिठी मारावी का?" आकाश बंद झाल्याची बातमी तोवर आमच्यापर्यंत आली नव्हती. मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दोन दिवस मिळाले होते.

माय अंगणात खाटेवर कुरडया वाळत घालत होती. मी म्हटलं, "माय, त्याला दवाखान्यात ठेवलंय. सिरीयस आहे."

तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं. ती याच मातीतली बाई. अशा कितीतरी जणींना तिनंच "सिरीयस हाय" म्हणून गाडीत बसवून आणलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि जे समजायचं ते समजली. "गेला का?" म्हणाली. मी म्हटलं, "नाही गं, अतिदक्षता विभागात आहे." ती ऐकेना. तिथंच बसून तिनं हंबरडा फोडला, छाती बडवून घेतली, त्याला नाही नाही त्या नावांनी हाका मारल्या. मी तिला धरून बसले आणि मनात म्हटलं, कळलं तिला, सुटलो आपण. आता फक्त "हो" म्हणायचं राहिलंय, ते उद्या म्हणू.

ते "हो" मी त्याच वेळी म्हणायला हवं होतं.

कारण दुसरा दिवस उजाडला आणि काहीच झालं नाही. गाडी आली नाही. दारापुढं माणसं जमली नाहीत, कारण काकांनी सगळ्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं. शेजारच्या चुली पेटल्या. बायका पाण्याला गेल्या. माय दिवसभर उंबऱ्यात बसून रस्ता बघत होती. तिसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी ती उठली, तोंड धुतलं, केस बांधले आणि मला म्हणाली, "न्हाई बाई. त्यो गेला न्हाई. गेला असता तर आत्तापतूर दारात आनला असता."

तिचं चुकलं नव्हतं. आमच्याकडं ज्याला सिरीयस म्हटलं तो संध्याकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या सकाळी दारात येतो. हा आला नाही. म्हणजे हा खरोखरीच सिरीयस होता. तिनं आयुष्यभर पाहिलेली रीत तिनं बरोबर लावली होती. त्या रीतीला फक्त समुद्रातली जहाजं माहीत नव्हती.

त्यानंतर तिच्या अंगात बळ आलं. तिनं मारुतीला नवस बोलला, तो घरी येईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. चैत्र-वैशाखातली आमच्याकडची जमीन काय असते ते इथं राहिलेल्यालाच ठाऊक. दुपारी कोंबडीसुद्धा सावलीतून पाय बाहेर काढत नाही. ही मारुतीच्या देवळापर्यंत अनवाणी जायची आणि परतताना कुंपणाच्या सावलीला धरून यायची. तळपायाला फोड आले. मी तेल लावायला बसले की म्हणायची, "राहू दे. मला दुखलं म्हंजी त्याला उतार पडंल."

विमानं बंद आहेत, म्हणून त्याला इकडं आणता येत नाही, असं मी तिला सांगितलं होतं. तेवढं एक खरं होतं. त्यावर ती म्हणाली, "बरं झालं बंद हायेत ते. आनायच्या घाईत लेकराला हिसकं बसले असते. तिकडचे दवाखाने लय चांगले असत्यात म्हनं. बरा हुईस्तोवर राहू दे तिकडंच." मी स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

सगळ्या गावाला माहीत होतं. एरवी आमच्या गावात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण या गोष्टीत गाव पहिल्यांदा एकदिलानं वागलं. पिठाच्या गिरणीत ती गेली की माणसं विषय बदलायची. बायका तिला विचारायच्या, "कसं हाय आता लेकराचं?" आणि ती सांगायची, "कालच्यापरास बरं हाय." त्या मान हलवायच्या. भावकीतल्या एकीनं तर तिला अंगारा आणून दिला. तो मी तिकडं कसा पाठवणार होते, देव जाणे. तिनं तो पुडीत बांधून माझ्या पर्समध्ये ठेवला.

एक खोटं पोसायला दहा लागतात. ती म्हणायची, मला त्याचा आवाज ऐकव. मी सांगितलं, तोंडात नळी आहे, बोलता येत नाही. ती म्हणायची, मग त्याच्या दोस्ताला फोन लाव. टाळून टाळून एकदा लावला. त्या मित्राला मी आधी बजावलं होतं, फक्त "उपचार चालू आहेत" एवढंच म्हण. मायनं फोन कानाला लावला, त्याची विचारपूस केली, तू जेवतोस का, तिकडं लढाई हाय म्हनं, जपून राहा, आणि मग विचारलं, "बाबा, तू बघितलंस का त्याला?" तो म्हणाला, "व्हय काकी. आज डोळे उघडले व्हते त्यानं."

त्या संध्याकाळी तिनं गावात साखर वाटली. मी मळ्याकडं जाऊन त्या पोराला फोनवर वाट्टेल ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "ताई, मी बोलणार नव्हतो. तिचा आवाज ऐकला आणि तोंडातून निघून गेलं." मग म्हणाला, "माझी पण आई अशीच बोलते." मी फोन ठेवला. माझ्यापेक्षा तो जास्त चुकला होता असं मला आजही म्हणवत नाही.

असे अठरा दिवस गेले. मी सकाळची शाळा करून दुपारच्या गाडीनं जात होते, मुक्काम करून पहाटे परतत होते. वर्गात फळ्यापुढं उभी राहिले की मला खंडांची नावं आठवायची नाहीत. अमेरिकेनं आणखी सैन्य पाठवल्याची बातमी आली. भावाच्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. तो हिंदीत, फार अदबीनं बोलला. शीतगृहात जागा उरलेली नाही. विमान कधी सुरू होईल याची खात्री नाही. तिकडं हिंदू रीतीनं दहन करण्याची सोय आहे, मित्र हजर राहतील, फोटो पाठवतील. फक्त घरच्यांची संमती हवी. लग्न झालेलं नसल्यामुळे आईची. कागदावर आईचा अंगठा, दोन साक्षीदार, आणि ती अंगठा देताना काढलेला फोटो. नाही दिली तर थांबू, पण किती दिवस ते सांगता येणार नाही.

थांबू, असं तो म्हणाला होता. हे मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितलं नाही.

काका म्हणाले, "आता सांगावं लागंल तिला." मी म्हटलं, "आता सांगितलं तर ती अंगठा देईल का?" ते म्हणाले, "न देऊ दे. तिचं लेकरू हाय." साधा, न शिकलेला माणूस बरोबर बोलत होता. पण मी थकले होते. मला ती रोज सकाळी उठून खोटं बोलायची पाळी संपवायची होती. तो तिकडं अठरा दिवस थंड खणात पडलाय, हे मला झोपू देत नव्हतं. सगळं एकदाचं आटपावं असं वाटत होतं. मी स्वतःशी म्हटलं, हे मायच्याच भल्याचं आहे. आपल्या सोयीचं काही करायचं असलं की माणसाला दुसऱ्याचं भलं आठवतं, हे मला माझ्याच उदाहरणावरून कळलं.

मी कागद छापून नेला. माय चुलीपुढं बसली होती. विचारलं, "हे काय गं?"

मी म्हटलं, "ऑपरेशन करायचंय त्याचं. घरच्यांची परवानगी लागते."

ती हात पुसत पुसत उठली. चेहरा उजळला होता. "मंग इतके दिस का थांबले?" म्हणाली. काका साक्षीदार म्हणून आले होते, ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी शाईचं पॅड उघडलं. तिनं अंगठा दाबला, कागदावर नीट, जोर देऊन टेकवला आणि विचारलं, "चांगला उठला का? न्हाईतर आनखी एकदा देते." मी म्हटलं, चांगला उठला. मी फोटो काढला. त्यात ती थोडी हसलीय. मग तिनं शाईचा अंगठा केसांवर पुसला, जुन्या बायका पुसतात तसा, आणि देवापुढं दिवा लावायला गेली.

दोन दिवसांनी तिकडं दहन झालं. नांदेडच्या त्या मित्रानं आणि आणखी तिघांनी पाणी दिलं. त्यानं फोटो पाठवला, तो मी एकदा पाहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मायला सांगितलं. काकांनी भावकीतल्या चार बायकांना बोलावून ओसरीत बसवलं होतं. त्यांना बघूनच तिचा चेहरा गेला. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "माय, तो गेला."

"ऑपरेशनमंदी?" ती म्हणाली.

इथं मला "हो" म्हणता आलं असतं. बायका माझ्याकडं बघत होत्या, म्हण म्हणून. पण आता आणखी एक खोटं माझ्याच्यानं पेलवेना. मी म्हटलं, "नाही माय. पहिल्याच दिवशी गेला. मी आले त्या दिवशी."

ती रडली नाही. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली, एखादा अवघड शब्द परत परत वाचावा तशी. मग तिनं विचारलं, "मंग मी अंगठा कशाला दिला?"

मी सांगितलं. सांगताना माझा आवाज वर्गात बोलते तसा निघाला, सावकाश आणि स्पष्ट, आणि तो मला ऐकवेना. ती म्हणाली, "मला तोंड बघायचं व्हतं त्याचं. मी थांबले असते. वरीसभर थांबले असते." त्यानंतर ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. अंगठा मात्र राखेनं घासत राहिली. शाई तर कधीच गेली होती.

दहनाच्या नवव्या दिवशी आकाश उघडलं. मोठ्या देशांचं काहीतरी तात्पुरतं ठरलं होतं. हॉटेलावरच्या लोकांना जरा निराशाच झाली. सिलिंडर यायला लागले. जिंतूरकडच्या एका पोराचं मयत त्याच आठवड्यात विमानानं आलं. तोही तिकडंच, असाच, आजारानं गेला होता. मायला ते कुणीतरी सांगितलं. ती मला म्हणाली, "त्याच्या मायनं तोंड बघितलं म्हनं." एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं तो मित्र सुटीवर आला, अस्थी घेऊन. आम्ही गंगाखेडला गोदावरीत सोडल्या. परतल्यावर मायनं त्याला जेवायला वाढलं, वारा घालत बसली आणि विचारलं, "त्यानं खरंच डोळे उघडले व्हते का रे, बाबा?" त्यानं ताट बाजूला सारलं, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याला तिनं माफ केलं होतं, हे दिसत होतं. माझ्याशीही ती वाईट वागत नव्हती. आले की चहा करायची, निघताना भाजी बांधून द्यायची. पण मी काही सांगितलं की तेच ती काकांना परत विचारायची. आज बाजार आहे असं मी म्हटलं तरी विचारायची.

पावसाळा सरता सरता मला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरल्या, म्हणून नवऱ्यानं परभणीला दवाखान्यात भरती केलं. सलाइन लागलं, दोन दिवसांत ताप ओसरला. नवऱ्यानं काकांना फोन करून सांगितलं, तिला जरा बरं नाही, दवाखान्यात ठेवलंय, काळजीचं काही नाही, मायला सांगा. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दुपारी माय आली, काकांना बरोबर न घेता. वॉर्डाच्या दाराशी तिनं नर्सला माझं नाव सांगितलेलं मला ऐकू आलं, आणि मग तिनं विचारलं, "बाई, खरं सांगा. हाय का गेली?" नर्स वैतागून म्हणाली, ती काय समोर बसलीय. माय आत आली. डोळे रडून सुजले होते, आवाज बसला होता. ती रस्ताभर रडत आली होती. मी म्हटलं, "माय, मी बरी आहे गं." तिनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपायला लागली. कपाळ, पापण्या, नाक, ओठ, हनुवटी, परत कपाळ. शेजारच्या खाटांवरच्या बायका बघत होत्या. मी तशीच बसून राहिले.

नवऱ्याला वाटलं, पिशवीत जेवणाचा डबा असेल. त्यानं ती उघडली. "अरे वा, मायनं साडी आणलीय तुला," तो म्हणाला. नवीकोरी हिरवी साडी होती, घडी न मोडलेली, वर खण आणि हिरव्या बांगड्या. नवऱ्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, आणि ते हिरवं लागतं. परभणीला उतरल्यावर ती आधी बाजारात गेली होती, आणि मग दवाखान्यात.

मी म्हटलं, "माय, अगं ह्यांनी सांगितलं होतं ना, नुसतं दवाखान्यात ठेवलंय म्हणून?"

तिचे हात माझ्या गालांवरच होते. ती म्हणाली, "तूबी तसंच सांगितलं व्हतंस."